चौदा नंबरची विहीर

आमच्या पाणीपुरवठा केंद्रात तिला सगळे पट्टीताई म्हणायचे. खांद्यावर पिवळ्या पट्टीचं चक्र, पायात रबरी बूट, काखेत जाड पुठ्ठ्याची वही. आठवड्यातले चार दिवस ती बाहेरच असायची. पट्टीच्या टोकाला पितळी वजन होतं. ते विहिरीत सोडायचं, पाण्याला टेकलं की चक्रातून बारीक शिट्टी वाजायची, मग काठाशी बोट धरून आकडा वाचायचा. जमिनीखालचं पाणी किती खोल आहे, हे एवढंच तिनं वीस वर्षं मोजलं. लग्न केलं नाही. एका किराणा दुकानाच्या वर दोन खोल्यांत राहायची आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात.

मी चुन्याच्या खोलीत होतो. म्हणजे कळीचा चुना पाण्यात विरवायचा, त्याचं दूध करायचं आणि ते मोठ्या टाकीत येणाऱ्या जड पाण्यात सोडायचं. जड पाण्यातला क्षार चुन्याला धरून खाली बसतो, वरचं पाणी हलकं होतं. सांगायला सोपं आहे. करताना डोळे जळतात, बोटांची सालं निघतात. माझ्या उजव्या डोळ्यावर अजून एक पांढरा ठिपका आहे, तो त्याच खोलीतला.

आधी शहराचं पाणी फार वाईट होतं, आमचा चुना त्याला पुरा पडायचा नाही. साबणाला फेस यायचा नाही, चहाच्या पातेल्यावर पांढरं कवच धरायचं, नळाच्या तोट्या वर्षाच्या आत बुजायच्या. त्यात शहर वाढलं आणि तेही पाणी पुरेना. तेव्हा मोठे साहेब, म्हणजे आमचे मुख्य अभियंता, नवीन पाणी शोधायला लागले. चार ठिकाणी भोकं पाडून झाली. दोन कोरडी गेली, एकात खारं लागलं, चौथ्यात पाणी होतं पण एका मोहल्ल्याला पुरेल एवढंच. एके दिवशी चहाच्या वेळी ताई सहज म्हणाली, "आमच्याकडच्या माळावर बघा. आमच्या विहिरीला सहा मीटरवर पाणी आहे. मी कधी आटलेली पाहिली नाही."

हे ती आपणहून बोलली. मी समोर होतो.

पुढच्याच आठवड्यात ती साहेबांना गावी घेऊन गेली. गाव शहरापासून अठरा किलोमीटर. तिथं आई आणि धाकटा भाऊ. भावाची बायको पहिल्या बाळंतपणात गेली होती, मूलही राहिलं नाही. माणूस उमदा होता, रंगानं काळा, हाताला दणकट, ताईवर जीव असलेला. आपल्या शेताच्या कडेला चाचणीचं पहिलं भोक पाडायला त्यानं जागा दिली. गावातले लोक कुरकुरत होते, त्यांना तोच म्हणाला, "माझी बहीण त्या ऑफिसात आहे. ती आपलं वाईट होऊ देईल का?"

पाणी लागलं, आणि असं लागलं की यंत्रावरची माणसं चिंब झाली. चवीला जड होतं, पण ते हलकं करायला आम्ही होतो. सात दिवस सात रात्री पंप चालू ठेवला आणि ताई आसपासच्या विहिरी मोजत राहिली. पंप बंद केल्यावर पाणी किती वेळात पूर्वीच्या जागेवर येतं, हे पाहायचं असतं. तीन दिवसांनी बाकी विहिरी वर आल्या. भावाची विहीर पाऊण मीटर खालीच राहिली. ताईनं तसं लिहून कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला.

साहेब कधी आवाज चढवायचे नाहीत. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "ताई, हे आकडे आपल्या घरातले. घरातलं घरात राहू द्या. अडीच लाख माणसं तहानलेली आहेत."

ताई म्हणाली, "हो साहेब."

दोन वर्षांत नऊ पंप बसले. माळावरून शहरापर्यंत जाड पाइप आला. आमच्या केंद्रात नव्या टाक्या झाल्या. ज्या दिवशी पहिलं हलकं पाणी नळाला गेलं, त्या दिवशी बायका केस धुऊन हसत होत्या, साबण निघतच नाही म्हणून. पातेली चकचकीत झाली. पाइप भावाच्या गावाच्या अगदी कडेनं गेला होता, पण गावासाठी त्यातून एक तोटीसुद्धा काढली नव्हती. गावाला स्वतःच्या विहिरी आहेत, असं कागदावर होतं.

विहिरी खाली जाऊ लागल्या. सहाचे आठ झाले, आठाचे अकरा. चौथ्या वर्षी भावाची विहीर चौदा मीटरच्या तळाला टेकली. सकाळी चार बादल्या पाणी निघायचं, मग गाळ.

त्याच सुमारास तो एकदा दुपारी केंद्रावर आला. मी तेव्हा प्रयोगशाळेत होतो. शुद्ध झालेल्या पाण्याचा जडपणा तपासायचा, तर नमुन्यात रंग घालून थेंबाथेंबानं औषध सोडायचं आणि लालाचा निळा व्हायची वाट बघायची. ताई ते करत होती, कारण त्या दिवशी तिथली बाई रजेवर होती. भाऊ दारात चपला काढून आत आला. ताईनं त्याला नळाचं पाणी दिलं. त्यानं ग्लास उजेडात धरला.

"गोड आहे गं," तो म्हणाला. "हे आपलंच ना?"

"त्यातलंच."

तो स्टुलावर बसला. "ताई, विहीर आणखी दोन पुरुष खाली न्यावी म्हणतोय. खोदणारा म्हणतो, खाली चिकणमाती आहे, ती फोडली की पाणी लागेल. तुझ्याकडं माहिती असते. नेऊ का?"

इथं मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. भावाच्या शेताच्या कडेला जे पहिलं भोक पाडलं होतं, त्यात किती खोलीवर काय लागलं त्याची नोंद त्याच खोलीत, ताईच्या टेबलाच्या दुसऱ्या खणात होती. पंधरा मीटरला चिकणमातीचा थर. त्याच्याखाली बारीक वाहती वाळू, पाण्यानं भरलेली. असला थर वरून फोडला की वाळू खालून उसळून येते आणि विहिरीच्या भिंतीला आधार राहत नाही. भोक पाडताना यंत्राचा पाइपसुद्धा त्या वाळूनं धरून ठेवला होता. आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं. वर आणखी दोन पंप पुढच्या महिन्यात सुरू व्हायचे होते, म्हणजे त्यानं कितीही खोदलं तरी पाणी त्याच्या पुढंच पळणार होतं. हेही ठाऊक होतं, आणि ते बाहेर बोलायचं नाही हेही.

ताईनं नळीतून एक थेंब सोडला. बशीतला रंग निळा झाला. तिनं आकडा लिहिला, मग म्हणाली, "न्यायची तर ने. विहीर तुझी आहे."

"तसं नाही. तू काय म्हणतेस?"

"मी काय म्हणणार? मी फक्त मोजते."

तो हसला, ग्लासातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं आणि गेला. मी तिच्याकडं पाहिलं, तिनं माझ्याकडं नाही. मी त्याच्या मागं फाटकापर्यंत जाऊ शकलो असतो. टाकीत चुना सोडायची वेळ झाली होती, असं मी स्वतःला सांगितलं.

अकराव्या दिवशी विहीर ढासळली. भर दुपारी. खोदणारा दोरावरून वर येत होता, भाऊ खाली होता. चिकणमाती फुटली, वाळू उसळली, आणि एका बाजूचं सगळं दगडी बांधकाम त्याच्यावर आलं. कमरेपर्यंत गाडला गेला. बाहेर काढायला सहा तास लागले, आणि सहाही तास तो शुद्धीवर होता. उजवा पाय मांडीपासून काढला. डावा राहिला, पण नुसता लोंबता.

दवाखान्यात ताई गेली तेव्हा आई बाकावर बसली होती. आईनं तिच्याकडं मान वळवली नाही. ताई शेजारी बसली, तशी आई उठून दुसऱ्या बाकावर गेली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. पण मुलाला सहा तास वाळूत रुतलेलं तिनं काठावरून पाहिलं होतं, आणि केंद्रावरून परत आल्यावर तो काय म्हणाला होता तेही तिनं ऐकलं होतं: ताई नको म्हणाली नाही.

पुढचं साहेबांच्या डोक्यातून निघालं. ढासळलेली विहीर आता कुणाच्या उपयोगाची नव्हती, पण होती मात्र अगदी माळाच्या मध्यावर. तिच्यात मधोमध लोखंडी पाइप तळाच्याही बराच खाली उतरवून बाकी खड्डा बुजवला, तर पाणी मोजायला याहून चांगली जागा नाही. ते गोड बोलून भावाकडं परवानगी मागायला गेले. ताईला बरोबर नेलं होतं. भाऊ खाटेवर टेकून बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"घाला पाइप," तो म्हणाला. "एकच अट. पट्टी टाकायला हीच आली पाहिजे. दुसरं कुणी आलं तर मी पाइपात दगड टाकीन."

साहेब म्हणाले, "अहो, ताईच येतील. त्यात काय."

पाइपावर पांढऱ्या रंगानं चौदा आकडा घातला. तेव्हापासून दर मंगळवारी सकाळी ताई त्या अंगणात जायची. भाऊ खाट ओढून पाइपाजवळ घ्यायला लावायचा. ती पट्टी सोडायची, शिट्टी वाजायची.

"किती?" भाऊ विचारायचा.

"पंधरा सहा."

"मागच्या मंगळवारी?"

"पंधरा चार."

"कुठं गेलं ते दोन?"

"शहरात."

"शहरात काय करतात त्याचं?"

"पितात. धुतात."

"गाड्या धुतात का?"

"धुतात."

"बरं. ये आता."

शब्द हेच, क्रम हाच. तिनं उत्तर टाळलं की तो तेच पुन्हा विचारायचा, शांतपणे, तिनं उत्तर देईपर्यंत. कुणी पाहुणा आला असला तर त्याला म्हणायचा, "थांबा, आमची ताई येईल आता, ती सांगेल बघा कसं असतं ते." मग पाहुण्यासमोर पुन्हा सगळं. आई ओट्यावर बसून ऐकायची. सहा वर्षांत आईनं तिला एकदाही आत ये म्हटलं नाही. उन्हातान्हाचं अठरा किलोमीटर आलेलं माणूस, पाण्याचा तांब्या समोर असायचा, पण तो तिच्यासाठी नसायचा. एकदा तिनं हात पुढं केला, तर आई म्हणाली, "ते टँकरचं आहे. मोजून येतं."

भाऊ आकडे लक्षात ठेवायचा नाही, लिहायचा. खाटेशेजारच्या भिंतीवर कोळशानं. भिंत भरली तेव्हा दुसरी भिंत धरली.

ताईनं बदली मागितली का, असं मी तिला विचारलं होतं. तिनं मागितली नव्हती. साहेबांनी आपण होऊन एकदा म्हटलं, दुसऱ्याला पाठवू, तो काय खरंच दगड टाकतोय, तर तीच नको म्हणाली.

हे मंगळवार सुरू झाल्यापासून सहाव्या वर्षी योजना वाढवायचं ठरलं. आणखी सहा पंप. त्याआधी गावाच्या शाळेत सुनावणी ठेवली, बाहेरचे तीन तज्ज्ञ बसले. साहेबांनी सगळ्या विहिरींचे आकडे मांडले. चौदा नंबरची पातळी सतरा पूर्णांक एक. भाऊ चाकाच्या खुर्चीत मागं होता. तो म्हणाला, "हे खोटं आहे." आणि त्यानं भिंतीवरून उतरवून घेतलेले कागद वाचायला सुरुवात केली. तीनशेच्या वर मंगळवार. तारीख आणि आकडा, तारीख आणि आकडा. कुणी त्याला अडवलं नाही. शेवटचा आकडा वीस पूर्णांक दोन होता.

ताईची वही एक होती आणि ऑफिसचं रजिस्टर वेगळं. दर तीन महिन्यांनी रजिस्टरची स्वच्छ प्रत व्हायची, तिच्यात सरासरीच्या नावाखाली पाण्याची पातळी वर सरकायची, आणि खाली ताई सही करायची. सहा वर्षं तिनं ती सही केली होती. भावाला मात्र तिनं दर मंगळवारी खरा आकडा सांगितला होता. खोटा सांगितला असता तर त्याला कळायचा काही मार्ग नव्हता.

साहेब वळून तिच्याकडं बघत म्हणाले, "ताई, हे आकडे आपले आहेत का?"

ती उठली. "भावाच्या कागदावरचे खरे आहेत," ती म्हणाली. "रजिस्टरवरची सही माझी आहे."

"म्हणजे आपण सरकारी रजिस्टरवर खोट्या आकड्यांखाली सही केलीत," साहेब हळूच म्हणाले, जणू तिच्यासाठी त्यांना वाईट वाटत होतं.

"केली."

शाळेत कुणी टाळी वाजवली नाही. भाऊ कागद गोळा करत होता, त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही.

नवे पंप रद्द झाले आणि जुन्यांचा उपसा एक तृतीयांशानं कमी केला. तूट भरायला शहराच्या जुन्या जड विहिरी पुन्हा जोडल्या. त्या पाण्यापुढं आमचा चुना कमी पडू लागला, पातेल्यांवर पुन्हा कवच धरलं. शहराला कारण हवं होतं, ते ताईच्या रूपानं मिळालं. भाजी घेताना बायका तिला ऐकू जाईल असं बोलायच्या. खालच्या दुकानदारानं तिला तोंडावर सांगितलं, "तुमच्या खरेपणानं आमच्या मोटरीची वाट लागली." ऑफिसनं तिला खोट्या नोंदींबद्दल कामावरून काढलं. साहेब वरच्या जागेवर गेले. निरोप समारंभात त्यांनी ताईचं नाव आदरानं घेतलं.

तिची पट्टी माझ्याकडं आली. मोजायला दुसरं कुणी तयार नव्हतं. पहिल्या मंगळवारी मी चौदा नंबरला गेलो, तर ताई आधीच तिथं होती. अंगणाच्या बाहेर, रस्त्यावर उभी. नेहमीचेच रबरी बूट घालून आलेली.

भावानं तिला विचारलं, "पट्टी कुठाय?"

"काढून घेतली."

"मग आता तुझं इथं काय काम?"

आई ओट्यावरून उठली, फाटकाशी आली, आणि कडी लावून परत जाऊन बसली. माझ्यासाठी पुन्हा उघडली, मी आत गेल्यावर पुन्हा लावली. मी पट्टी सोडली. आकडा मी हळूच सांगितला. भाऊ म्हणाला, "मोठ्यानं सांगा. तिला ऐकू जाऊ दे." मी मोठ्यानं सांगितला. एकोणीस नऊ. सहा वर्षांत पहिल्यांदा पाणी चढलं होतं. बाहेर ती ते ऐकून वळली आणि शहराच्या दिशेनं चालू लागली. तिच्या पाठीकडं बघत भाऊ म्हणाला, "तीन दशांश," आणि कोळसा उचलला.

नंतर मी अधूनमधून तिच्याकडं जायचो. एकदा मी तिला म्हटलं, "ताई, त्या दिवशी तुम्ही तरी काय करणार होतात? साहेबांनी तोंडाला कुलूप लावलं होतं." मला तिला सोडवायचं होतं. खरं म्हणजे तिच्या पाठोपाठ मला स्वतःला सुटायचं होतं.

ती सुरीनं किटलीतलं कवच खरवडत होती. म्हणाली, "साहेबांचं नाव कशाला घेता? त्यांनी सांगितलं नसतं, तरी मी बोलले नसते."

"का?"

"वडील गेले तेव्हा जमीन आणि विहीर त्याच्या नावावर झाली. मी विचारलं, माझं काय? आई म्हणाली, तुला काय विहीर डोक्यावर घेऊन जायचीय? तोही हसला. वाईट नाही हसला, असाच. मी लहान होते तेव्हा त्या विहिरीतलं पाणी मीच शेंदायचे, सगळ्या घराचं." तिनं किटली उपडी करून आपटली, पांढरे तुकडे पडले. "तो स्टुलावर बसून विचारत होता, नेऊ का. मला वाटलं, घे. तुझी ना? घे."

मी विचारलं, "पाय जाईल हे वाटलं होतं?"

"माणूस मरेल असं वाटलं होतं," ती म्हणाली. "खोदणारा. तो माझा कुणी नव्हता."

मी चहा न घेता उठलो. नंतर महिनाभर गेलो नाही.

दोन वर्षांनी भाऊ गेला. बसून बसून पाठीला जखमा झाल्या होत्या, त्या चिघळल्या. ताईला कुणी कळवलं नाही. मी सांगायला गेलो तोवर सगळं उरकलं होतं. आईचं गावात कुणी उरलं नव्हतं, घर-जमीन त्याच्या आजारपणात गेली होती. पंधरा दिवसांनी ती एक ट्रंक घेऊन एका टेंपोतून दुकानासमोर उतरली. मी ट्रंक वर चढवली. दारात आई ताईला म्हणाली, "तू बोलावलंस म्हणून आले नाही. जायला जागा नाही म्हणून आले."

"बस," ताई म्हणाली.

त्यानंतर दोघी त्या दोन खोल्यांत राहिल्या. ताई शिवणाची कामं घ्यायची. आईचं हवं नको सगळं बघायची, आंघोळ घालायची, नखं कापायची. आई तिच्याशी बोलायची नाही. बोलायचंच झालं तर भिंतीकडं बघून बोलायची: पाणी गार आहे. भात कच्चा आहे. आईची तब्येत मात्र ठणठणीत होती, आणि स्मरणशक्ती तर अशी की मुलाच्या प्रत्येक वाढदिवसाला पाऊस होता की ऊन, तेही सांगायची.

गेल्या महिन्यात मी गेलो होतो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. आई खिडकीत बसली होती आणि ताई मागं उभी राहून तिचे केस विंचरत होती. खालच्या दुकानात नवीन सून आली आहे, ती बिचारी ओळख करून घ्यायला वर आली. तिनं विचारलं, "आजी, या तुमची मुलगी का?"

आई म्हणाली, "नाही गं. मला एकच मुलगा, तो गेला. ही बाई सांभाळते मला. कामाला चोख आहे, वेळेवर खायला देते."

सून ताईकडं बघून ओशाळं हसली. ताईचा हात थांबला नाही.

"मान जरा वर कर," ती आईला म्हणाली. आईनं मान वर केली.